नकाशाच्या आधी आणि नकाशानंतर

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी माझे एक डॉक्टर मित्र घरी आले. मैत्री शाळेपासूनची, त्यामुळे प्रस्तावनेची गरज नव्हती. फ्रीगंजच्या पलीकडे त्यांनी तीस बाय पन्नासचा भूखंड घेतला होता. रजिस्ट्री झाली होती, ठेकेदार ठरला होता, गुरुजींनी मुहूर्तही काढून दिला होता. खिशातून वहीचा एक चौकोनी कागद काढून ते म्हणाले, "खाली दवाखाना, वर दहा खाटांचे नर्सिंग होम आणि त्याच्यावर आम्ही राहणार. सगळे ठरले आहे. तू आता फक्त नकाशा करून दे." मी विचारले, "तुझ्याकडे एखादा रुग्ण आला आणि म्हणाला की निदान औषधाच्या दुकानदाराने केले आहे, ऑपरेशनची तारीख भाच्याने ठरवली आहे, तुम्ही फक्त टाके घाला, तर तू काय करशील?" ते मनापासून हसले. चहा झाला. पण कागद काही त्यांनी टेबलावरून उचलला नाही.

वास्तुविशारद कोणकोणत्या सेवा देऊ शकतो यावर स्मरणिकेसाठी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा प्रथम तो कागदच माझ्या डोळ्यांसमोर आला. कारण आपल्या सुशिक्षित समाजातही वास्तुविशारद म्हणजे नकाशा काढून देणारा, आणि नकाशा म्हणजे नगर निगमाकडून शिक्का मिळवण्यापुरता कागद, अशी समजूत दृढ आहे. या समजुतीत काही दोष आमच्या व्यवसायबंधूंचाही आहे. 'नकाशाचे किती?' या प्रश्नाला आम्ही चौरस फुटांत उत्तर देत आलो, आणि पुढे लोकांनी आम्हांला चौरस फुटांतच मोजले.

वास्तविक आपण उज्जैनकर या बाबतीत भाग्यवान आहोत. महाकालेश्वराचे आज दिसणारे मंदिर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभे केले. गोपाळ मंदिर एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंदे यांनी बांधविले. महाकालाच्या मंदिरात खाली महाकालेश्वर, त्यावर ओंकारेश्वर आणि सर्वांत वर, केवळ नागपंचमीला दर्शनासाठी उघडणारे नागचंद्रेश्वर, अशी तीन स्थाने एकावर एक आहेत. अशी वास्तू योजताना भाविक कोठून येतील, कोठे थांबतील, कोठून बाहेर पडतील, उजेड कोठून येईल आणि अभिषेकाचे पाणी कोठे जाईल, हे दगड घडविण्याच्या आधी ठरवावे लागते. आमचे काम आजही मूलतः हेच आहे. कागदावरच्या रेषा ही त्या विचाराची केवळ नोंद.

कायद्याचे दोन शब्द येथेच सांगून टाकतो. 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार ज्याची वास्तुकला परिषदेकडे नोंदणी आहे त्यालाच 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येते. मात्र हा कायदा उपाधीचे रक्षण करतो, इमारतीचे आरेखन करण्यापासून इतरांना रोखत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 17 मार्च 2020 रोजी दिला. म्हणजे पाटीवर काय लिहिले आहे ते पाहून नोंदणी क्रमांक विचारण्याची जबाबदारी शेवटी आपलीच. संकोच नको, आम्ही तो आनंदाने सांगतो. इमारतीचा सांगाडा किती लोखंडावर उभा राहील हे ठरविणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर हा वेगळा तज्ज्ञ असतो. दिशांचे शुभाशुभ सांगणारे वास्तुशास्त्राचे जाणकार हे तिसरे. या तिसऱ्यांशी माझे भांडण नाही. घरातील मोठ्यांचे समाधान हीसुद्धा घराची एक गरजच असते. फक्त देवघराची दिशा ठरवताना सोनोग्राफीच्या खोलीजवळचे स्वच्छतागृह इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नये, एवढी माझी विनंती असते. मूत्राशय भरून ताटकळत बसलेल्या रुग्णाला ते अंतर फार लांब वाटते.

आता आमच्या सेवांपैकी सर्वांत कमी मागितली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची सेवा कोणती ते सांगतो. ती भूखंड विकत घेण्यापूर्वीची आहे. इसार देण्याच्या आधी आम्हांला जागा दाखवा. विकास योजनेत त्या जमिनीचा वापर निवासी आहे की व्यावसायिक, समोरचा रस्ता रुंद होणार आहे काय, डोक्यावरून विजेची मोठी लाइन गेली आहे काय, पावसाचे पाणी कोठून येते आणि कोठे तुंबते, डायव्हर्जन झाले आहे काय, या गोष्टी एका सकाळी पाहता येतात. आपल्या माळव्यात त्याखेरीज काळी माती आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर ठेवलेला उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो. जागेवर एक-दोन खड्डे घेऊन मुरूम किंवा खडक किती खोल आहे ते पाहिले की पायाचा खर्च किती वाढणार याचा अंदाज येतो. स्वस्त म्हणून घेतलेला भूखंड पायातच महाग पडल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

जुन्या घरांना पडलेल्या भेगांबद्दलही लोक घाबरून विचारतात. येथे आमचे काम आपल्या कामाच्या फार जवळ येते. आधी इतिहास विचारायचा. मे महिन्यात रुंदावणारी आणि ऑगस्टमध्ये मिटत जाणारी भेग बहुधा मातीची असते. वर्षभर एकाच दिशेने वाढत जाणारी भेग वेगळी, तिच्यासाठी तातडीने इंजिनिअरला बोलवावे लागते. भेगेवर काचेची एक पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तुटली तर हालचाल चालू आहे, शाबूत राहिली तर जखम जुनी आहे. अनेकदा घराभोवतीची फरसबंदी नीट करणे, छताचे पाणी पायापासून दूर नेणे आणि भिंतीला खेटून लावलेले मोठे झाड किंवा फुटलेली पाण्याची लाइन शोधणे, एवढाच उपचार पुरतो. नुसत्या भेगा बुजवून वर रंग देणे म्हणजे तापाचे कारण न शोधता पॅरासिटामॉल देत राहणे होय.

माझ्या मित्रांच्या भूखंडाकडे वळतो. त्यांना जोते तीन फूट उंच हवे होते, कारण शेजाऱ्यांचे तसे आहे. चाकांच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. तीन फूट म्हणजे सुमारे 90 सेंटीमीटर उंची चढायला 10.8 मीटर, म्हणजे पस्तीस फुटांहून लांब रॅम्प लागतो आणि मध्ये विसाव्याची सपाट जागा लागते ती निराळी. भूखंडच पन्नास फूट खोल. मग वरच्या मजल्याचा हिशेब मांडला. बाजूला पाच फूट मोकळे सोडले असे धरले तर रुंदी पंचवीस फूट उरते. रुग्णालयातील मार्गिका राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे 2.4 मीटर म्हणजे जवळजवळ आठ फूट हवी. दोन जिने आणि स्ट्रेचर मावणारी लिफ्ट हवी. हे सगळे मांडल्यावर दहा खाटांपैकी चार उरल्या, आणि त्याही अशा की एका रुग्णाला बाहेर काढायचे तर दुसऱ्याची खाट सरकवावी लागेल. पार्किंगचा विषय आम्ही मग काढलाच नाही.

दुसऱ्या जिन्यावर ते सर्वांत जास्त अडले. "प्रत्येक मजल्यावर दीडशे फूट जागा वाया जाते," असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणारे ते एकटेच नाहीत. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत दहा बालके दगावली. आपल्याच राज्यात 1 ऑगस्ट 2022 रोजी जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयाला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला, आणि तेथे आत-बाहेर करायला एकच वाट होती ही गोष्ट त्यानंतर ठळकपणे पुढे आली. आग विझविण्याची नळकांडी नंतर विकत आणून भिंतीवर टांगता येतात. दुसरा जिना नंतर विकत आणता येत नाही. तो पहिल्याच रेषेबरोबर कागदावर यावा लागतो, आणि पहिल्या जिन्यापासून पुरेसा दूर असावा लागतो. दोन्ही जिने शेजारी-शेजारी ठेवले तर एकाच धुराने दोन्ही बंद होतात. मागचा जिना झाला तरी त्यात जुन्या गाद्या आणि सलाइनची खोकी रचली जाणार नाहीत हे पाहणे मात्र आपल्याकडे.

दवाखाना किंवा रुग्णालय यांचे आरेखन करताना आम्ही जे प्रश्न विचारतो ते ऐकून काही डॉक्टर वैतागतात. सकाळी किती रुग्ण येतात, त्यांच्याबरोबर किती नातेवाईक असतात, बाह्यरुग्ण विभाग चालू असताना आपत्कालीन रुग्ण आला तर तो कोठून आत जाईल, वापरलेले कपडे आणि जैववैद्यकीय कचरा कोणत्या वाटेने बाहेर जाईल? 2016 च्या नियमांप्रमाणे हा कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा वर्गांत वेगळा ठेवावा लागतो आणि प्रक्रिया न केलेला कचरा अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ साठवता येत नाही, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. परंतु त्या साठवणीसाठी बाहेरून गाडी येऊ शकेल अशी कुलूपबंद जागा नकाशात ठेवलेली नसेल, तर त्या पिशव्या जिन्याखाली जातात. क्ष-किरणांच्या खोलीचेही तेच. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या 2001 च्या संहितेने मुख्य किरण ज्या भिंतीवर पडतात ती 35 सेंटीमीटर जाडीची विटांची, इतर भिंती 23 सेंटीमीटरच्या आणि दरवाजाला 1.7 मिलिमीटर शिशाचे अस्तर अशी अपेक्षा घालून दिली. छातीच्या तपासणीचा स्टँड कोणत्या भिंतीला लागणार हे आम्हांला आधी कळले तर ती एकच भिंत जाड करता येते. यंत्र आल्यावर कळले तर भिंत पाडावी लागते, नाहीतर पलीकडे बसलेल्या रिसेप्शनिस्टचे भाग्य.

एक बारीकशी गोष्ट. बहुतेक दवाखान्यांत तपासणीची खोली आणि प्रतीक्षागृह यांच्यामध्ये प्लायवुडचे पार्टिशन असते आणि ते फॉल्स सीलिंगपाशी थांबते. वरच्या पोकळीतून आवाज निर्वेध पलीकडे उतरतो. आत बसलेली स्त्री आपली अडचण हळू आवाजात सांगते आणि बाहेर बसलेल्या तिच्या ओळखीच्या चार माणसांना ती ऐकू जाते. पार्टिशन फॉल्स सीलिंग ओलांडून वरच्या स्लॅबपर्यंत नेणे आणि आत रॉकवूल भरणे याचा खर्च शोभेच्या झुंबरापेक्षा कमी असतो. अंतर्गत सजावट ही आमची एक सेवा आहेच, पण तिचा आरंभ रंगांपासून होत नाही हे सांगण्यासाठी हा दाखला दिला.

आता नकाशा. नगर निगमात दाखल होतो तो मंजुरीचा नकाशा. त्यात भूखंडाच्या सीमा, सोडावयाचे मोकळे अंतर, बांधकामाचे क्षेत्रफळ, उंची, पार्किंग एवढे असते. 2012 चे मध्य प्रदेश भूमी विकास नियम पाळले आहेत की नाही हे तपासण्यासाठी तेवढे पुरते. त्यावरून इमारत बांधणे म्हणजे आधार कार्डावरील छायाचित्र पाहून शस्त्रक्रिया करणे. बांधण्यासाठी लागतात ते कार्यकारी नकाशे: प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी, जिन्याची प्रत्येक पायरी, न्हाणीघरातील नळाची उंची, फरशीचा उतार, विजेचे बिंदू, गटाराच्या चेंबरची खोली. त्याबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअर, वीज, पाणी, वातानुकूलन, रुग्णालय असेल तर ऑक्सिजनच्या नळ्या, या सगळ्या सल्लागारांचे नकाशे एकमेकांना छेदत नाहीत ना हे पाहणे. शस्त्रक्रियागृहाच्या छतातून जाणारी हवेची नळी नेमकी मोठ्या बीमला आडवी येते, हे कागदावर सापडले तर खोडरबराने सुटते. जागेवर सापडले तर ठेकेदार ठरलेले वाक्य उच्चारतो, "साब, नक्शे में तो ऐसा कुछ था ही नहीं." आणि बहुतेक वेळा तो खरे बोलत असतो, कारण त्याच्या हाती मंजुरीचाच नकाशा दिलेला असतो.

खर्चाच्या बाबतीतही आम्ही उपयोगी पडू शकतो. 'अमुक रुपये फूट' या दराने काम दिले की त्या दरात कोणते सिमेंट, किती लोखंड, कोणती फरशी, किती विजेचे बिंदू, हे कोणालाच ठाऊक नसते, आणि भांडणाचे बीज तेथेच पडते. बाबवार परिमाणपत्रक तयार करून तीन-चार ठेकेदारांकडून दर मागविणे, त्यांचा तुलनात्मक तक्ता मांडणे, करारपत्राचा मसुदा पाहणे, काम चालू असताना मोजमाप तपासून बिले प्रमाणित करणे, हा आमच्या सेवेचा नियमित भाग आहे. काही बाबींत सर्वांत कमी दर देणारा ठेकेदार शेवटी सर्वांत महाग कसा पडतो, हे त्या तक्त्यातच दिसते.

देखरेखीबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण सर्वाधिक कटुता येथेच येते. वास्तुविशारदाची देखरेख नियतकालिक असते. पाया, जोते, स्लॅब अशा महत्त्वाच्या टप्प्यांवर आणि मधूनमधून तो येतो. रोज सकाळी नऊ ते सहा जागेवर उभे राहणे हे साइट इंजिनिअरचे काम, आणि त्याचा पगार मालकाने द्यावयाचा असतो. हल्ली वापरात असलेल्या मिश्र सिमेंटच्या स्लॅबला किमान दहा दिवस ओलावा द्यावा लागतो. उज्जैनच्या एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता त्या स्लॅबवर पाणी कोण मारणार, हे काम सुरू होण्यापूर्वी नावानिशी ठरलेले असावे. मेहुण्यांना निवृत्तीनंतर वेळ आहे, ते पाहतील, ही व्यवस्था पहिल्या स्लॅबपर्यंत टिकते असा माझा अनुभव आहे.

सेवाशुल्क इमारतीच्या खर्चाच्या टक्केवारीने किंवा ठरावीक रकमेने घेतले जाते, आणि ते टप्प्याटप्प्याने असते. कोणत्या सेवा त्यात आहेत आणि कोणत्या नाहीत हे लेखी करून घ्यावे, ओळखीत तर जरूरच घ्यावे. 1989 च्या व्यावसायिक आचारनियमांप्रमाणे वास्तुविशारदाने ठेकेदार किंवा माल पुरविणारे यांच्याकडून दलाली, भेट वा सूट घेणे निषिद्ध आहे. आपल्याही व्यवसायात असा नियम आहे आणि दोन्हीकडे तो किती पाळला जातो यावर आपण एकत्र बसून चहा पिऊ शकतो. पण नियम आहे, तो आपल्या बाजूने आहे, आणि जो वास्तुविशारद शुल्क अगदी नाममात्र सांगतो त्याला उरलेले कोठून मिळते, हा प्रश्न विचारणे गैर नव्हे.

नव्या इमारतीवाचून होणाऱ्या सेवाही पुष्कळ आहेत. जुन्या उज्जैनातील आपल्या काही कुटुंबांच्या वाड्यांत भावांच्या वाटण्या व्हावयाच्या असतात. वाड्याचे मोजमाप घेऊन, कोणता जिना सामाईक ठेवावा, चौक कोणाच्या वाट्याला, विहिरीचा हक्क कसा, हे कागदावर मांडले की वकिलाकडे जाण्यापूर्वीच अर्धे प्रश्न निवळतात. 2028 च्या सिंहस्थाच्या तयारीत जुन्या भागातील काही रस्ते रुंद होत आहेत. ज्याच्या घराचा दर्शनी भाग कापला जातो त्याने उरलेल्या भागाची तपासणी करून घ्यावी. वाड्याची पुढची भिंत आणि मागची भिंत लाकडी तुळयांनी एकमेकींना धरून असतात. पुढची काढली की मागचीचा आधार जातो, आणि हे पाडणाऱ्याला दिसतेच असे नाही. चुन्यातील जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, हाही असाच एक सल्ला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते.

जीर्णोद्धारात किती काटेकोरपणा लागतो हे पाहावयाचे असेल तर आपल्या वेधशाळेत जावे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेल्या या यंत्रांचा माधवराव शिंदे यांनी 1923 मध्ये जीर्णोद्धार करविला. तेथे भिंत हेच यंत्र आहे. सम्राट यंत्राच्या कडेवर गवंड्याने सवयीने गिलाव्याचा एक जाडसर थर चढविला तर सावली भलत्या रेषेवर पडेल आणि वेळच चुकेल.

आणि वास्तुविशारदाने घर न बांधताही लोकांना घर कसे देता येते, याचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आपल्यापासून तासा-दीड तासावर आहे. इंदूर विकास प्राधिकरणासाठी 1983 पासून आखली गेलेली 'अरण्य' ही वसाहत पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी योजली. सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या त्या आराखड्यात सर्वांत गरीब कुटुंबाला 35 चौरस मीटरचा भूखंड, त्यावर जोते, शौचालय आणि पाणी-वीज-गटाराची जोडणी, इतकेच द्यावयाचे ठरले. नमुन्यादाखल ऐंशी घरे बांधून दाखविली. बाकीचे घर ज्याने-त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे वाढवावे, पण उन्हापासून सावली देणारी गल्ली आणि बसायला ओटा सर्वांना मिळावा, ही योजना. या कामाला 1995 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला आणि 2018 मध्ये दोशींना प्रित्झकर पुरस्कार. इंदूरला आपण लग्नाला, खरेदीला वारंवार जातो; एकदा तिकडेही जाऊन यावे.

यानंतर एक कबुली. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी आमचे स्वतःचे घर बांधले. मंडळींनी कौतुक केले, मीही ते ऐकून घेतले. पुढे एका डिसेंबरच्या पहाटे आई न्हाणीघरात घसरून पडली. दार आतल्या बाजूला उघडणारे होते आणि ती नेमकी दाराला टेकून पडली होती. ढकलले तर तिला लागत होते. न ढकलता आत जाता येत नव्हते. शेवटी दाराचे पॅनेल कापावे लागले, त्यात वीस मिनिटे गेली. मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा भाग मोडला होता. ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते डॉक्टर जिन्यात भेटले तेव्हा सहज म्हणाले, "न्हाणीघर कोणी काढले हो तुमचे?" मी म्हणालो, "मीच."

ती घरी येण्यापूर्वी मी दार बाहेर उघडणारे केले, कडी बाहेरूनही काढता येईल अशी बसविली, उंबरठा काढला, गुळगुळीत फरशी उखडून खरखरीत घातली, संडासाजवळ आणि नळाजवळ धरायला दांडे लावले. हे दांडे नुसत्या टाइल्समध्ये नव्हे, मागच्या विटांत पक्के बसवावे लागतात, नाहीतर आधार घेतानाच ते हाती येतात. सगळे काम चार दिवसांचे. त्यानंतर सहा वर्षे आई त्या घरात स्वतःच्या पायांनी वावरली. तेव्हापासून मी वयस्कर आई-वडील असलेल्या घरांची अशी पाहणी करून देतो. तासाभराचे काम असते, नकाशा काढावा लागत नाही, आणि माझ्या कार्यालयाच्या हिशेबवहीत ते कोठेच दिसत नाही. आपण ज्या रुग्णांचे खुबे बसविता त्यांना घरी सोडताना न्हाणीघराचे दार कोणत्या बाजूला उघडते एवढे जरूर विचारावे.

माझ्या मित्रांचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. त्या भूखंडावर नर्सिंग होम करू नये, असा सल्ला मी लेखी दिला. दोन महिने ते माझ्याशी तुटक बोलत होते, आणि मुहूर्त टळल्याचे वहिनींना माझ्यापेक्षाही जास्त लागले. मग एका संध्याकाळी फोन आला, "फक्त दवाखाना आणि वर घर, तर जोते किती ठेवायचे?" रस्त्याची पातळी आणि पावसाळ्यातील पाणी पाहून 45 सेंटीमीटर ठरले, तेव्हा साडेपाच मीटरचा रॅम्प बाजूने सरळ बसला. कामाचा दुसरा स्लॅब नुकताच पडला आहे. वहीचा तो चौकोनी कागद मी परत केलेला नाही. मोठ्या हौसेने काढलेल्या त्या तीन मजल्यांच्या आराखड्यात त्यांनी जिना दाखविलेलाच नव्हता.